बोटं शेवटी

ब्लॉकिंग करताना बोटं शेवटी करायची, हा निकिताचा नियम आहे.

निकिता आमच्या स्टुडिओतली सगळ्यांत अनुभवी ॲनिमेटर. स्टुडिओ म्हणजे बारामतीत भिगवण रस्त्याला, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मी फिजिक्समध्ये बी.एस्सी. केलं, मग पुण्यात ॲनिमेशन शिकले आणि आता कन्हेरीहून रोज स्कूटीवर इथं येते. खालच्या दुकानात कुणी इंजिन चालू करून बघायला लागलं की आमची टेबलं थरथरतात आणि आम्ही चहा पितो.

ब्लॉकिंग मला आवडतं, कारण ते प्रयोगाच्या मांडणीसारखं असतं. समजा, एक म्हातारा खाटेवरून उठतोय. तर आधी त्याच्या मोजक्याच पोज ठरवायच्या: बसलेला, पुढं झुकलेला, गुडघ्यांवर हात टेकलेला, उभा. मधलं काहीच करायचं नाही. पडद्यावर तो एका पोजमधून दुसरीत धक्के खात उडी मारतो. नवख्या माणसाला वाटतं, कॉम्प्युटर अडकला. पण तेवढ्यातच कळलं पाहिजे की हा उठतोय, याचे गुडघे दुखतात आणि याला उठायची इच्छा नाही. हे कळलं तरच मधल्या फ्रेम भरायच्या. चेहऱ्याचे बारकावे नंतर, कपड्यांच्या चुण्या नंतर, बोटं सगळ्यांत शेवटी. तोवर पात्राचे पंजे कॉम्प्युटरनं दिलेल्या अवस्थेत राहतात, सरळ आणि उघडे, लाकडी फळीसारखे.

पोज बरोबर आहे का हे बघायची निकिताची एक रीत आहे. ती एक बटण दाबून पात्राला पूर्ण काळं करते. डोळे, मिशा, टोपीचा रंग, सगळं जातं आणि सावली उरते. सावलीवरून पोज कळली तर पास.

यंदा मे महिन्यात आमच्याकडे ठिबक सिंचनावरच्या छोट्या फिल्मचं काम आलं. त्यात एक तात्या होते. साठीचे, टोपी, सदरा, पायजमा. त्यांनी बांधावरून चालत यायचं, वाकून नळी उचलायची आणि बोलायला लागायचं. चालणं माझ्या वाट्याला आलं. अशा कामाला रेफरन्स लागतो, म्हणजे खऱ्या माणसाचा व्हिडिओ. माझ्या घरात साठीला टेकलेला, टोपी घालणारा आणि रोज बांधावरून चालणारा एक माणूस होताच. माझे वडील, आबासाहेब. त्यांना गावात सगळे आबा म्हणतात आणि आम्हीही.

मी मोबाइल धरून म्हणाले, "आबा, त्या टोकापासून इकडं चालत या."

आबा पंधरा ऑगस्टच्या संचलनासारखे चालले. मान ताठ, हात खांद्यापर्यंत.

"तसं नाही. रोज चालता तसं."

"रोज असाच चालतो मी."

आई धुण्याच्या दगडापाशी होती. ती वर न बघता म्हणाली, "रोज असं चालत असता, तर मी लग्नालाच न्हाय म्हणले असते."

ज्याचं माप घ्यायचं त्याला कळलं की माप बिघडतं, हे मला शिकवलेलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ते कारल्याच्या मांडवाकडं निघाले तेव्हा मी गच्चीवरून गुपचूप व्हिडिओ काढला. लांबून, पण चालणं पूर्ण दिसत होतं. त्यावरून मी तात्यांच्या पोज बसवल्या आणि निकिताला दाखवल्या.

तिनं दोनदा पुढं-मागं करून बघितलं. मग सावली केली.

"उजवा हात कुठे गेला?"

सावलीत उजवा हात नव्हताच. डावा मागं-पुढं दिसत होता. उजवा धडाला चिकटून सगळ्या पोजमध्ये एकाच जागी होता.

"रेफरन्समध्ये तसंच आहे," मी म्हणाले.

"असं कुणी चालत नाही, प्रगती. मेलाय तो हात. परत बघ."

मी एकेक फ्रेम पुढं सरकवत व्हिडिओ बघितला. डावा पाय, उजवा पाय, डावा हात पुढं, डावा हात मागं. उजवा हात खांद्यापासून खाली आलेला आणि तिथंच. मांडव येईपर्यंत तो एकदाही हलला नाही.

चालताना हात हलतात ते शोभेसाठी नाही. पाय पुढं पडताना धड एका बाजूला वळू बघतं. त्याच वेळी विरुद्ध बाजूचा हात पुढं जातो आणि ते वळणं कापून टाकतो. हात बांधून चालता येतं, पण शरीराला ते महाग पडतं. फुकटची सोय शरीर कारणाशिवाय सोडत नाही. म्हणून मी कारण शोधायला बसले.

दोन कारणं सापडली. एक, खांदा आखडणं. दुसरं, कंपवात. त्यात हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी आधी, एकाच बाजूचा हात चालताना हलायचा कमी होतो, असं लिहिलं होतं. घरच्यांच्या हे लक्षात येत नाही, असंही लिहिलं होतं.

मी ते बंद केलं. मग परत उघडलं.

आमच्याकडं कारली, दोडकी आणि थोडे पेरू आहेत. कारल्याचा कोवळा वेल तारेवर चढवायचा तर त्याला न दुखवता सुतळीची सैल गाठ मारावी लागते. ते काम आबा स्वतः करतात, दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. त्या संध्याकाळी मी मांडवात उभी राहून त्यांची बोटं बघत होते. गाठी झरझर पडत होत्या. पण पूर्वी किती झरझर पडायच्या, हे मी कधी बघितलंच नव्हतं, तर आता तुलना कशाशी करणार?

मग मी रेफरन्सचं निमित्त केलं.

"आबा, गुढी उभारताना हात वर करतात, तसा करून दाखवा. उजवा."

आबांनी हात सरळ कानाला लावला. न अडखळता. म्हणजे खांदा ठीक होता आणि दोनातलं बरं कारण गेलं.

"आता अंगठा आणि बोट असं पटापट एकमेकांवर आपटा."

"तात्या हे कशापायी करतोय?"

"पैसे मोजतोय."

"ठिबकवाल्याच्या पिच्चरमध्ये पैसं मोजून कसं चालंल? अनुदान बंद करतील," आबा म्हणाले आणि दोन्ही हातांनी चुटक्या वाजवायला लागले. मग त्या तालावर मान हलवायला लागले. त्यातून मला काही निष्कर्ष काढता आला नाही.

आई दारातून म्हणाली, "पाण्याचा तांब्या घ्या म्हणलं की कंबर दुखती. पिच्चर म्हणलं की नाचायला तयार."

आईला मी सांगितलं नाही. तिला सांगितलं तर पळसदेवच्या कुशामावशीला कळणार, आणि मावशीला कळलं तर आबांना शेजारच्या गावातून निरोप येणार की तुमाला रोग झालाय म्हणं. बारामतीत दाखवलं तर दवाखान्याच्या बाकावर निम्मं कन्हेरी भेटतं. चौकशी करता कळलं की इंदापूरला मेंदूचे एक डॉक्टर पुण्याहून आठवड्यातून दोनदा येतात. मी वेळ घेतली आणि रात्री जेवताना विषय काढला.

"आबा, गुरुवारी इंदापूरला जायचंय. एका डॉक्टरांना भेटायचंय. तुम्ही दोघं चला."

आबांचा घास हातात राहिला. "आमी कशाला?"

"तुमचंच काम आहे. तुमच्याशिवाय कसं होणार?"

आबांनी आईकडं बघितलं. आईनं भाकरी उलटली.

"कुठलं हाय डॉक्टर?" आबांनी विचारलं.

"पुण्याचे. इंदापूरला येऊन-जाऊन असतात."

"तू कुठं बघितलंस त्यांना?"

"बघितलं नाही. फोनवर बोलले. चांगले आहेत म्हणतात सगळे."

"वय?" आईनं विचारलं.

"पस्तीसच्या पुढं असतील."

"पस्तीस म्हंजी जरा जास्तीच हाय."

"जास्तच बरं की. तेवढा अनुभव असतो."

आईनं तव्यावरून हात मागं घेतला. "कसला अनुभव?"

मला वाटलं, तिला डॉक्टर तरुण आहे की म्हातारा याची काळजी आहे. मी म्हणाले, "आई, तू काही काळजी करू नकोस. आधी भेटू तर. नंतर ठरवू."

"व्हय," आबा म्हणाले. "भेटायला काय जातंय. तुझ्या मनात हाय ना? मग झालं."

ते इतक्या सहज तयार झाले की मला हायसं वाटलं आणि रात्री झोप लागली.

गुरुवारी सकाळी आबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा आणि नवी टोपी काढली. आईनं भाचीच्या लग्नातलं जांभळं लुगडं नेसलं आणि पेरूंची टोपली भरली. एस्टीनं जायचं ठरलं होतं, पण दारात गावातल्या भीमाची भाड्याची जीप उभी होती.

"एस्टीनं जाऊन घामाघूम होऊन दाखवायचं व्हय?" आबा म्हणाले.

मला वाटलं, डॉक्टरांसमोर नीटनेटकं जायची खेड्यातली पद्धत. जीपमध्ये मी मागं बसले आणि रस्ताभर आबांचा उजवा हात बघत राहिले. तो मांडीवर होता. थरथरत नव्हता. जीप थरथरत होती, त्यामुळं हाही पुरावा बाद. मध्येच कुशामावशीचा फोन आला. आई दबक्या आवाजात म्हणाली, "अजून पोचलो न्हाय. झालं की कळवती."

"मावशीला काय सांगितलंस?" मी विचारलं.

"काय न्हाय. इंदापूरला चाललोय म्हणलं."

दवाखान्याच्या दारावर पाटी होती: डॉ. सौरभ, पुढं आडनाव, त्याखाली मेंदू व मज्जासंस्था विकारतज्ज्ञ. आबांनी ती सावकाश वाचली आणि आईला म्हणाले, "मेंदूचा हाय. डोकं असणार." मग गच्च भरलेल्या बाकांकडं बघून म्हणाले, "चालतोय पण चांगला."

नंबर आल्यावर आम्ही आत गेलो. डॉक्टर सडपातळ, चष्मा लावलेले, बोलायला मऊ. आईनं पेरूंची टोपली टेबलावर ठेवली. त्यांनी हसून ती बाजूला सरकवली आणि आबांना विचारलं, "बोला काका, काय त्रास?"

"त्रास काय न्हाय. सगळं बरं हाय. तुमचं मूळ गाव कुठलं?"

"आम्ही मूळचे सांगोल्याकडचे. तुम्हाला रात्री झोप लागते नीट?"

"पडलो की गाढ. शेती हाय का तितं?"

"आहे थोडी. डाळिंब आहे. झोपेत हातपाय झाडता का? ओरडता का?"

"न्हाय. डाळिंब कोण बघतं?"

"भाऊ बघतो. वास येतो ना सगळे नीट? फोडणीचा वगैरे?"

"ह्यांना?" आई म्हणाली. "वाडीत कुणाच्या घरी बोंबील भाजला तर ह्यांना रस्त्यावर कळतं."

"भाऊ थोरला का धाकटा?" आबांनी विचारलं.

"धाकटा. काका, बद्धकोष्ठाचा त्रास?"

हा प्रश्न आबांना आवडला नाही. ते खुर्चीत जरा ताठ झाले. "डॉक्टरसायेब, आमच्याकडं असलं कोण विचारत न्हाय. पण विचारलंय तर सांगतो, न्हाय."

"घोरत्यात तेवढं," आई म्हणाली आणि मग डॉक्टरांकडं नीट बघत म्हणाली, "तुमी घोरता का?"

डॉक्टरांचं पेन थांबलं. मी टेबलावर बघितलं. काचेखाली एक फोटो होता, डॉक्टर, एक बाई आणि दात पडलेली एक मुलगी. आबांनीही तो त्याच क्षणी बघितला. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. इस्त्रीचा सदरा, जीप, जांभळं लुगडं, पस्तीस म्हणजे जास्त, सगळं एकदम जागच्या जागी बसलं.

"आई," मी म्हणाले, "मी इथं माझ्यासाठी आले नाही. आबांना दाखवायला आणलंय."

बाहेर कंपाउंडर कुणाचंतरी नाव पुकारत होता.

"मला?" आबा म्हणाले. "मला काय झालंय?"

हे घरी सांगायला हवं होतं. तिथं वेळ होता, जागा होती, मांडवाची सावली होती. आता मात्र डॉक्टरांसमोर मी सांगितलं. चालताना तुमचा उजवा हात हलत नाही. निकिताच्या लक्षात आलं. मी व्हिडिओ काढला. वाचलं. मला भीती वाटली. कसली भीती, तेही सांगितलं, कारण डॉक्टरांना ते कळणं गरजेचं होतं.

आईचा हात पेरूंच्या टोपलीवर होता, तो तिथंच राहिला. आबांनी स्वतःचा उजवा हात उचलला आणि दुकानात एखादी वस्तू बघतात तसा उलटसुलट करून बघितला.

"म्हंजी ते गुढी उभारायचं," ते म्हणाले, "ते तात्यासाठी नव्हतं."

"नाही."

"आन पैसं मोजायचं?"

"नाही."

"मला सांगायचं की, बाय," आबा म्हणाले. रागानं नाही. त्यामुळं मला जास्त लागलं.

डॉक्टर उठून आले. त्यांनी आबांचं मनगट धरून फिरवलं, कोपर दुमडलं, सरळ केलं. तोपर्यंत दुसरा हात वर-खाली करायला सांगितला. बोटं आपटायला लावली, आणि या वेळी आबांनी गाणं केलं नाही. जमिनीवर टाच आपटायला लावली. हात पुढं करून धरायला लावले. मागून खांद्यांना धरून हलकेच ओढलं. हे सगळं करताना त्यांचा चेहरा इतका कोरा होता की त्यावरून मी काहीच वाचू शकले नाही, आणि चेहरे वाचणं हे माझं काम आहे.

"आता बाहेर चालून दाखवा. त्या टोकापर्यंत जा आणि परत या."

बाहेर लांब बोळ होता. बाकांवरच्या लोकांनी पाय आत घेतले. आबा चालायला लागले. या वेळी त्यांना संचलन सुचलं नाही. ते खाली बघत, रोजच्यासारखे चालले. डावा हात हलत होता. उजवा हलत नव्हता. आई माझ्या शेजारी उभी होती आणि तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

आबा परत येताना डॉक्टर दोन पावलं पुढं झाले.

"काका, थांबा. तसेच थांबा. मुठीत काय आहे?"

आबा थांबले. "कुठल्या?"

"उजव्या."

मी पहिल्यांदा ती मूठ बघितली. मूठ म्हणण्याएवढी घट्ट नव्हती. चार बोटं आत वळलेली, अंगठा त्यांच्यावर आडवा. कोपर किंचित वाकलेलं, कमरेपासून थोडं सुटं. हात लटकत नव्हता. त्या हातानं काहीतरी धरलेलं होतं.

आबांनी मूठ उघडली. रिकामी होती. "काय न्हाय," ते म्हणाले.

"हरण्या हाय," आई म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं.

"बैल व्हता आमचा," आई म्हणाली. "मोटारीचा हॉर्न वाजला की उधळायचा. म्हणून ह्यांनी त्याचा कासरा कधी सैल सोडला न्हाय, असा आखूड धरून चालायचं, कमरंला लावून. त्याच्या आदी दुसरा व्हता, तोबी तसलाच. ह्यांच्या नशिबाला सगळी उधळणारीच आली." आणि मग जरा थांबून, "मला वाटलं समद्यास्नी म्हाईत हाय. हरण्या जाऊन किती वर्सं झाली, हे आपलं अजून त्याला धरूनच चाललेत."

"मी?" आबा म्हणाले.

"मग कोण?"

बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "माझ्या भावाचं बी असंच हाय. त्यो पायानं गाडीचा ब्रेक दाबतो, बसल्या जागी. ड्रायव्हर व्हता."

डॉक्टरांनी आबांना परत एकदा चालवलं. या वेळी दोन्ही हात मोकळे सोडून. हात हलला. अवघडत, पण हलला. आम्ही आत येऊन बसलो तेव्हा ते माझ्याशी बोलले, सावकाश, शब्द निवडून.

"सांगितल्यावर हात हलला, एवढ्यावरून मी काही म्हणणार नाही. पण मनगट सैल आहे, बोटं चपळ आहेत, तोल चांगला आहे, वास येतो, झोप शांत आहे. तुम्हाला ज्याची भीती आहे, त्यातलं आज मला काहीही दिसत नाही. औषध नाही. सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा, माझ्या समाधानासाठी. तुम्ही बघितलंत ते बरोबर बघितलंत. हात हलत नाही हे खरं आहे. फक्त तो लटकलेला आहे असं तुम्ही धरून चाललात."

मी मान हलवली. गच्चीवरून बोटं दिसली नव्हती. आणि तात्यांना तर मी बोटं दिलीच नव्हती, नियमाप्रमाणं शेवटी द्यायची म्हणून. उघड्या, सरळ पंज्याचा हात शरीराला लावला की तो मेलेलाच दिसणार.

आबांनी टोपी काढली, आतून पुसली आणि परत घातली. "म्हंजी," ते म्हणाले, "मला रोग न्हाय आन पोरीला नवरा न्हाय."

डॉक्टर खळखळून हसले. "काका, एक धाकटा भाऊ आहे, डाळिंबवाला. पण तो घोरतो."

"मग ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. पेरू मात्र तिनं तिथंच ठेवले.

बाहेर आल्या आल्या तिनं मावशीला फोन लावला. "न्हाय, न्हाय जमलं," ती सांगत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. "लगीन झालेलं हाय त्याचं. न्हाय गं, रडती कुठं? लई बरं झालं. आल्यावर सांगती."

घरी परतताना आम्ही पळसदेववरून गेलो, कारण मावशीनं मासे करून ठेवले होते. जमलं असतं तरी केले असते, म्हणाली. जेवण झाल्यावर आबा पाण्याकडं निघाले. उजनी धरणाचं पाणी उतरलेलं होतं आणि एरवी बुडालेल्या जुन्या देवळाचा कळस उघडा पडला होता. मी त्यांच्या मागून थोडं अंतर ठेवून चालले. मोबाइल खिशातच ठेवला.

भेगाळलेल्या गाळावरून आबा सावकाश चालले होते. आता मला तो कासरा जवळजवळ दिसत होता. अंगठा, वळलेली बोटं, कमरेपासून सुटं कोपर, आणि त्यांच्या उजव्या अंगाला एका जनावराएवढी मोकळी जागा. ते बांधावरही डाव्या कडेनं चालतात, हे मला तेव्हा आठवलं. मला इतके दिवस वाटायचं, उजवीकडचा वाफा तुडवू नये म्हणून.

हायवेवर एका ट्रकनं लांबलचक हॉर्न दिला. आबांची मूठ जरा घट्ट झाली आणि कोपर कमरेला टेकलं. त्यांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. हॉर्न थांबल्यावर कोपर परत सुटलं.

मला हसू आलं, आणि हसता हसता पाय इतके हलके पडले की मी त्यांना गाठलं.

"काय गं?" आबा म्हणाले.

"काही नाही. सांभाळून चला. उधळेल."

त्यांनी उजव्या हाताकडं बघितलं. "आता तू सांगितलंस ना, आता मला नीट चालताच यायचं न्हाय," ते कुरकुरले. दहा-बारा पावलं त्यांनी दोन्ही हात हलवून बघितले, संचलनासारखे. मग विसरले. हात आपल्या जागी गेला.

दुसऱ्या दिवशी मी तात्यांच्या पोज परत बसवल्या. चालण्याच्या त्याच, पण प्रत्येकीत आधी उजव्या हाताची बोटं केली. चार आत, अंगठा आडवा. मग कोपर थोडं वाकवून कमरेपासून सोडलं. मग बाकीचे तात्या.

निकितानं खुर्ची ओढून बघितलं.

"हात अजून तसाच आहे."

"सावली करून बघ."

तिनं बटण दाबलं. तात्या काळे झाले. कोपर आणि कंबर यांच्यामध्ये उजेडाची एक बारीक फट दिसत होती, आणि खाली मुठीचा गोल. पोज बदलत होत्या, डावा हात पुढं-मागं उडत होता, फट मात्र जागची हलत नव्हती.

"काहीतरी धरलंय त्यानं," निकिता म्हणाली.

"कासरा."

"बैल कुठे आहे?"

"फ्रेमच्या बाहेर."

तिनं आणखी एकदा सुरुवातीपासून बघितलं. खाली कुणीतरी इंजिन चालू केलं आणि टेबल थरथरायला लागलं.

"बोटं इतक्यात का केलीस?" तिनं विचारलं.

"या तात्यांची आधी करावी लागतात."

निकितानं खुर्ची मागं सरकवली. "बरं," ती म्हणाली. "मधल्या फ्रेम भरायला घे. आणि हात मेलाय असं मी म्हणाले होते, ते तुझ्या आबांना सांगू नकोस."

"सांगून झालं," मी म्हणाले, आणि आम्ही चहा प्यायला उठलो.